मामाची मांडी

चंदनच्या केसांनी त्या चैत्रात हेमकांतच्या घराला अगदी जेरीस आणलं. पोरगं पाच वर्षांचं, अंगानं एवढंसं, आणि वेणी मात्र कमरेपर्यंत. पोटात दिवस भरायच्या आधीच ते जन्माला आलं होतं, तेव्हा नंदुरबारच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. त्याची आजी नर्मदाबाई दवाखान्यात बसून राहणारी बाई नव्हे. ती उठली, प्रकाशाला गेली, तापीच्या पाण्यात उभी राहिली आणि बोलून आली की पोरगं जगलं तर पाचव्या वर्षी त्याचं जाऊळ इथंच काढीन. पोरगं जगलं. नुसतं जगलं नाही, तर ब्राह्मणपुरीच्या शिवारात पपईच्या बागेतून दिवसभर उधळायला लागलं.

आता जाऊळ काढायचं म्हणजे आमच्याकडं मामाची मांडी लागते. बाप असून चालत नाही, आजोबा असून चालत नाही. पोराला मामानं मांडीवर घ्यायचं, मगच डोक्याला वस्तारा लागायचा. चंदनला मामा होता. चांगला धडधाकट, लोणखेड्याला राहणारा, बागायतदार. उमाकांत त्याचं नाव. पण गेल्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

कारण झालं सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं. जान्या नावाचा सातपुड्यातला माणूस हेमकांतच्या शेतावर कितीतरी वर्षं होता. बायको रूपलीबाई आणि एक लहान पोरगी घेऊन तो बागेतल्या खोलीत राहायचा. बागेला पाणी देणं, फवारणी, तोड, सगळं त्याच्या अंगावर. आखाजीला सालदारांची सालं संपतात आणि नवी ठरतात. त्या आखाजीला जान्यानं फावडं भिंतीला टेकवून ठेवलं, ‘दादा, मी जास’ एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी उमाकांतच्या शेतात दिसला. दुसऱ्याचा सालदार फोडणं ही आमच्याकडं लहान गोष्ट नाही. त्यातून फोडणारा सख्खा शालक. हेमकांत तसा भला माणूस, पण जिभेला हाड नाही. भर चौकात तो म्हणाला, “शालक कसाना? सालदारचोर शे तो!” हे बोलणं लोणखेड्याला पोचायला वेळ लागला नाही. पुढं उमाकांतच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा हेमकांत गेला नाही आणि बायकोलाही जाऊ दिलं नाही.

बायको म्हणजे ममता. बारावी शिकलेली, पुढं शिकायची फार इच्छा होती, पण लग्न ठरलं. आता तिचा सगळा जीव चंदनच्या शाळेत अडकला होता. नंदुरबारला एक शाळा होती, फार नावाची. दरवर्षी ती थोडीच मुलं घ्यायची, तीही स्वतः बघून, बोलून, निवडून. पोराचा तिथं नंबर लागला तर जूनपासून ममतानं नंदुरबारला खोली करून राहायचं आणि सुट्टीला गावी यायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. नर्मदाबाईनंही मान डोलावली होती. एवढं ठरवायलाच ममताला वर्षभर डोकं लढवावं लागलं होतं.

शाळेत भेटीला बोलावलं त्या दिवशी तिनं पहाटे उठून चंदनला न्हाऊ घातलं, वेणी घातली, लाल रिबन बांधली. स्वतःच्या हातांचं काय करावं ते मात्र तिला कळेना. होळीला डोंगरात गेलेले मजूर अजून उतरले नव्हते. पपईची तोड तिनं, हेमकांतनं आणि म्हाताऱ्या सासूनं मिळून ओढली होती. पपईचा चीक लागून तिच्या बोटांची सालं निघाली होती. खोबरेल चोळलं, लिंबू चोळलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी तिनं हात पदराखाली घेतले आणि मोटरसायकलवर बसली.

शाळेच्या ओट्यावर मुलांची एक ओळ आणि मुलींची एक. शिपायानं वेणी बघितली आणि चंदनला मुलींच्या ओळीत नेऊन बसवलं. पोरगं थोडा वेळ इकडं-तिकडं बघत राहिलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि ते उभं राहून ओरडलं, “मी पोरगी नही शे, पोऱ्या शे!” सगळे हसले. इस्त्रीच्या कपड्यातल्या बाया हसल्या, त्यांचे नवरे हसले. हेमकांतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आत मुख्याध्यापिका नूतन मॅडम होत्या. साधी सुती साडी, चष्मा, आवाज मऊ. त्यांनी चंदनला समोर घेतलं आणि चित्रं दाखवली. त्यानं मोर ओळखला, ट्रॅक्टर ओळखला. पपई दाखवल्यावर म्हणाला, “पपई शे. पन हाई कच्ची शे, आते तोडानी नही.” मॅडम हसल्या. त्यांनी त्याला कागदावर गोल काढायला लावला, उड्या मारायला लावल्या, गाणं म्हणायला लावलं. पोरगं बुजलं नाही. ममताला वाटलं, जमलं आता.

मग मॅडमनी सहज वेणीला हात लावला. “एवढे लांब केस कशाला ठेवलेत रे?”

“जाऊय शे. मामा काढी.”

“अस्सं? कधी काढणार मामा?”

“मामा चोर शे,” चंदन म्हणाला. “आप्पा म्हनस. आम्ही त्यानासंगे बोलतस नही.”

ममताला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. हेमकांत आपल्या चपलांकडं बघत बसला. मॅडमनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. हसल्या मात्र नाहीत.

“घरात बोललेलं मुलं इथं आणून ठेवतात,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांचीच मुलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

नंतर त्यांनी सांगितलं की मुलगा आम्हाला आवडला. येत्या शुक्रवारी सकाळी त्याला घेऊन या, नाव पक्कं करू, फोटोही तेव्हाच निघतील. मुलग्यांचे केस कापलेले लागतात, तो इथला नियम आहे. शुक्रवारी आला नाहीत तर जागा पुढच्या मुलाला जाते.

“मॅडम, नवस आहे त्याचा,” ममता कशीबशी म्हणाली.

“नवस मोडा असं मी म्हणत नाही हो. फेडून या. शुक्रवारपर्यंत दिवस आहेत की.” आणि उठता उठता त्यांची नजर ममताच्या हातांवर गेली. “हाताला काय झालं?”

“पपई,” ममता म्हणाली आणि पुन्हा पदराखाली हात घेतले.

परतताना मागं बसून ममता मनात एकच हिशेब करत होती, शुक्रवार, मामा, वस्तारा.

हेमकांतनं दुसऱ्या दिवशी आपल्या डोक्यानं एक उपाय काढला. खत आणायला जातो म्हणून चंदनला पुढं बसवलं आणि थेट शहाद्यातल्या केशकर्तनालयात नेलं. मामाच्या मांडीऐवजी फिरती खुर्ची! न्हाव्यानं पोराच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, वेणी हातात घेतली आणि थांबला.

“हाई जाऊय शे ना, भाऊ? मामा कोठे शे?”

“मामानं काय काम शे? तू काप.”

न्हाव्यानं कापड सोडलं, झटकलं आणि खुंटीला अडकवलं. “दाढी सांग, करी देस. केस सांग, तुन्हा कापी देस. मामा नही ते जाऊयले मन्ही कात्री लागाव नही.”

दुकानात वाट बघत बसलेली माणसं मजेनं बघू लागली. एकानं विचारलंही, की पाटील, मामा परदेशी आहे का? हेमकांतनं पोराला उचललं आणि निघाला. खत घ्यायचंही विसरला.

गोष्ट लपायची नव्हतीच. चंदननं घरात पाऊल टाकताच सांगून टाकलं की आप्पानं मला गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसवलं. नर्मदाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“मी तापीमायले सबद देल शे, हेमकांत,” ती म्हणाली. “पोऱ्या तिनी दिधा. केस तिनाच शेत. तू कोन कापनारा?”

“माय, शाया जाई ऱ्हायनी पोऱ्यानी. मी काय करू?”

“काय करू ते तुलेच माहीत. चौकमा बोलाना पयले माले इचारं व्हतं का?”

त्या दिवशी ती जेवली नाही. रुसून नाही. तिला खरंच घास उतरेना. नदीत उभं राहून जिच्यापुढं शब्द दिला, तिला काय तोंड दाखवायचं, हेच तिच्या मनात घोळत राहिलं. ममतानं दोनदा ताट वाढून नेलं आणि दोनदा परत आणलं.

मंगळवारी मोठी तोड होती. ऊन असं की दुपारी बागेत उभं राहिलं तर डोळ्यांपुढं पिवळं दिसावं. हेमकांत झाडावरून फळ उतरवायचा, ममता ते कागदात गुंडाळायची, नर्मदाबाई गवताच्या थरावर रचायची. चीक हातावरून कोपरापर्यंत ओघळायचा आणि घामात मिसळून झोंबायचा. मध्येच मोटार बंद पडली. जान्या असता तर त्यानं एव्हाना जाऊन बघितलं असतं. हेमकांत स्वतः विहिरीपर्यंत गेला, आला, पुन्हा गेला. परत आला तेव्हा त्याचा सदरा अंगाला चिकटला होता आणि तो मटकन बांधावर बसला.

“सकाय मी भाऊकडे जास,” ममता म्हणाली.

“चोरनी पायरी चढशी?”

“पोऱ्यासाठे तुमनीबी चढेल पाहिजे व्हती.” हात न थांबवता ती म्हणाली. “मी इचारी नही ऱ्हायनू. सांगी ऱ्हायनू.”

हेमकांतनं पाणी प्यायलं आणि उठून पुन्हा झाडाला हात घातला. नाही म्हणाला नाही, यातच ममतानं समजून घेतलं.

बुधवारी ती एस.टी.नं शहाद्याला उतरली आणि तिथून लोणखेड्यापर्यंत चालत गेली. घरी वहिनी होती. तिनं दारातच ममताला मिठी मारली, रडली, चहा ठेवला आणि म्हणाली, ते शेतात आहेत. ममता चहा अर्धा टाकून शेतात गेली.

उमाकांतकडंही तोडच चालू होती. झाडाखाली पपयांचा ढीग, एका बाजूला जान्या, दुसऱ्या बाजूला उमाकांत, मध्ये रद्दीचे गठ्ठे. उमाकांतनं बहिणीला येताना बघितलं आणि मान खाली घातली. जान्या मात्र उभाच राहिला, हातातला कागद तसाच. ममतानं पदर खोचला, बसली आणि एक फळ ओढून गुंडाळायला लागली. कितीतरी वेळ तिघंही काम करत राहिले.

“कोनी धाडं तुले?” अखेर उमाकांतनं विचारलं.

“कोनी नही. मीच उनू.”

“वास्तुले नही उनी. तुन्ही वहिनी दिनभर दारकडे दखे. लोके इचारेत, बहीन कोठे शे? मी काय सांगतू? चोरनी बहीन येस नही, असं सांगतू?”

ममताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हाताला चीक, पुसायचं कशानं? तिनं ते तसंच वाहू दिलं. “मी चुकनू, भाऊ. मी एकली निंघी यावाले पाहिजे व्हतं. नही उनू. आते पदर पसारी उनू शे. चंदनले शाया भेटी ऱ्हायनी. शुक्रवारना जाऊय नही निंघनं ते शाया जाई.”

उमाकांत काही बोलायच्या आत बांधावरून एक मुलगी येताना दिसली. निळा झगा, पांढरा सदरा, गळ्यात टाय, पाठीवर दप्तर. सकाळची शाळा सुटून आली होती. खोलीच्या उंबऱ्यावर बसून तिनं बूट काढले, मोजे त्यात घातले आणि बूट पोत्यावर नीट जोडून ठेवले. मगच ती अनवाणी धावत आली. ममतानं तिला ओळखलंच नाही आधी. ही जान्याची पोरगी. हेमकांतच्या बागेतल्या खोलीत ती जन्मली, त्या दिवशी रूपलीबाईच्या उशाशी ममताच बसली होती. नवी नवरी होती तेव्हा ती, घाबरली होती, पण बसून राहिली होती. जान्यानं पोरीचं नाव ममता ठेवलं.

“मोठ्या ममता, मला ओळखलं नाही?” पोरीनं शाळेतल्या मराठीत विचारलं. “बा सांगतो, माझं नाव तुमचं आहे.”

ममतानं तिला जवळ घेतलं. “हाऊ कोनती शायाना ड्रेस शे, जान्या?”

जान्या उमाकांतकडं बघू लागला. उमाकांत म्हणाला, “सांग आते. कितला दिन मी एकलाच ऐकी लेऊ?”

“बाई,” जान्या म्हणाला, “भाऊनी माले नही फोडं. मीच उनू. आठली मोठी शायामा गरीबना पोरे बी लेतस. पन शायाना जवय ऱ्हावाले पाहिजे, तवय नंबर लागस. भाऊले इचारं. भाऊ म्हने, वावरमा खोली शे, ये.”

“मंग आमले सांगं कसाले नही?”

“दादाले सांगतू ते दादा म्हनता, आपला गावमा शाया शेच ना, धाड तठे. मंग मी कसा निंघतू? दादानं मीठ खायेल शे मी. दादाना तोंडवर माले नही म्हनता उनं नसतं.”

“आणि तू, भाऊ?” ममता उमाकांतकडं वळली. “तू तरी बोलाले पाहिजे व्हतं.”

“नंबर लागस तोपावत कोनले सांगू नका, असं हाऊ म्हने. नंबर लागना तवलोंग मी चोर व्हई गयथू.” उमाकांतनं हातातलं फळ जरा जोरातच ढिगावर ठेवलं. “माले कोनी इचारं का, उमाकांत, काय झायं? एक शब्द? चौकमा बोलीसन मोकया व्हई गयात.”

एक परक्याची पोरगी शाळेत जावी म्हणून हा माणूस वर्षभर चोर म्हणवून घेत राहिला आणि स्वतःच्या घराच्या वास्तूला बहीण नाही ते सोसत राहिला. आपला भाऊ असा आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. तिनं त्याचे चिकानं माखलेले हात धरले आणि कपाळाला लावले.

उमाकांतचा आवाज मऊ झाला. “मी येसू, ममता. भाचा मन्हा शे. पन पाव्हनानी बलावाले येवाले पाहिजे. निरोप चालाव नही.”

संध्याकाळी ममतानं घरी सगळं सांगितलं. नर्मदाबाईनं ऐकून हात जोडले, कुणाला ते तिचं तिला माहीत. हेमकांत हौदावर पाय धूत होता. तो पाय धूतच राहिला. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते.

गुरुवारी दुपारी तो नारळ घेऊन लोणखेड्याला गेला. वाटेत त्यानं बोलायची सगळी तयारी केली होती, पण शेतात पोचला तर माल भरायला ट्रक उभा. ढिगापासून ट्रकपर्यंत माणसांची साखळी लागलेली आणि हातोहात फळ चाललेलं. मजूर कमी, त्यामुळं साखळीत एक जागा रिकामी होती. जान्याला तिथं दोन-चार पावलं धावून फळ पुढं द्यावं लागत होतं. हेमकांतनं नारळ बांधावर ठेवला, बाह्या सरकवल्या आणि त्या जागेवर जाऊन उभा राहिला.

जान्यानं त्याला बघितलं. हातात पपई होती, ती तशीच राहिली.

“दे,” हेमकांत म्हणाला.

जान्यानं दिली. हेमकांतनं पुढं दिली. पुढं उमाकांत होता. त्यानं ती घेतली, ट्रकात दिली आणि पुढच्या फळासाठी हात केला. ट्रक भरेपर्यंत तिघंही नुसतं देत-घेत राहिले. हेमकांतनं एकदा घाईत फळ जरा आदळलं, तेव्हा उमाकांत म्हणाला, “धीरे, पाव्हना. माल दाबाई जास.” वर्षभरातला दोघांमधला पहिला शब्द तो हा.

ट्रक गेला. हेमकांतनं हात पुसले, नारळ उचलला आणि शालकापुढं धरला. “सकाय प्रकाशाले चंदननं जाऊय शे.”

“मांडी चोरनी शे,” उमाकांत म्हणाला. “चाली का?”

हेमकांतची मान खाली गेली. तयार केलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठं गेलं. “मी चुकनू, उमाकांतभाऊ,” तो म्हणाला. “माले माफ कर.” आणि मग जान्याकडं वळून, “तूबी ये सकाय. तुन्हा खांदावरच वाढना तो.”

उमाकांतनं नारळ घेतला. “मी पिकअप लई येस,” तो म्हणाला. “दिन उगावाना पयले तयार ऱ्हाज्यात.”

शुक्रवारी खरोखरच झुंजुमुंजू होताना पिकअप दाराशी आली. नर्मदाबाईनं उमाकांतच्या पायांवर पाणी घातलं, त्याला ओवाळलं आणि बोटं मोडून दृष्ट काढली. चंदन आधी ममताच्या मागं लपला. चोर म्हणून ज्याचं नाव ऐकलं तो समोर उभा, हातात नवा सदरा घेऊन! मग त्यानं जान्याला बघितलं आणि सगळं विसरून त्याच्या अंगावर झेप घेतली.

प्रकाशाच्या घाटावर सकाळचा गार वारा होता. तापी संथ होती. घाटावरच्या न्हाव्यानं सामान मांडलं. उमाकांत पाटावर बसला, मांडीवर स्वच्छ धोतराचा पदर पसरला आणि चंदनला घेतलं. रिबन सोडली, वेणी सोडली. केस एवढे, की मामाच्या मांडीवर पसरून खाली लोंबू लागले. वस्तारा लागताच पोरानं टाहो फोडला. उमाकांतनं एका हातानं त्याचं कपाळ धरलं, दुसरा छातीवर ठेवला आणि कानाशी पुटपुटत राहिला, “झायं बरं, झायं. मन्हा राजा, झायं.” नर्मदाबाई पदर पसरून केस झेलत होती. शेवटची बट पडली तेव्हा न्हाव्यानं डोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पोरगं रडून लाल झालं होतं. उमाकांतही रडत होता आणि ते लपवायची त्यानं मुळीच खटपट केली नाही.

नर्मदाबाई केस घेऊन पाण्यात उतरली. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. वर आली ती म्हणाली, “चला, आते माले भूक लागनी.” तिनं तिथंच बसून दोन भाकरी खाल्ल्या. तिला खाताना बघून ममताला इतकं बरं वाटलं की तिनं मनातल्या मनात नदीचे, न्हाव्याचे, भावाचे, सगळ्यांचे उपकार मानले.

नंदुरबारला शाळेच्या फाटकाशी गर्दी होती. शिपाई म्हणाला, मुलाबरोबर दोघांनीच आत जायचं. ममतानं हेमकांतकडं बघितलं. हेमकांत दोन पावलं पुढं गेला, थांबला, मागं वळला.

“उमाकांतभाऊ, तू जाय आत,” तो म्हणाला.

“मी? बाप तू शे.”

“बाप शे मी. पन आजना दिन तुन्हा शे. जाय तू.”

उमाकांत गडबडला. मग त्यानं सदऱ्याची बटणं नीट केली, भाच्याचं बोट धरलं आणि आत गेला. नर्मदाबाई फाटकाच्या भिंतीच्या सावलीत टेकली. हेमकांत आणि जान्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभे राहिले. वर्षभरानं दोघंच.

“पोर हुशार शे का?” हेमकांतनं विचारलं.

“तिनी शायान्या मॅडम म्हनतस, शे.” जान्यानं हसू आवरलं. “घर उनी का भिंतवर लिखस. रूपली बोंब पाडस, भिंत खराब करी म्हनीसन.”

“माले सांगतास ना, जान्या.”

“दादा, तुम्ही वाईट ऱ्हातात ते मी पटकन सांगी निंघी जातू. तुम्ही चांगला व्हतात ना.”

आत घंटा झाली. ओट्यावरून मुलांचा गलका आला.

तेवढ्यात ममता धावत बाहेर आली. पदर खांद्यावरून घसरलेला, हात उघडे. चिकानं सोललेले ते हात तिनं आता लपवले नव्हते. मागून उमाकांत, त्याच्या खांद्यावर गोटा केलेला चंदन.

“लागनं!” ती म्हणाली. “नाव लागनं पोऱ्यानं!”

नर्मदाबाईनं तिला पोटाशी धरलं. हेमकांतनं पोराच्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच्या तळव्याला ते गार आणि अनोळखी लागलं. जूनपासून हे डोकं आणि ही बायको दोन्ही इथं राहणार आणि बागेत आपण आणि म्हातारी आई. त्याला ते आधीही माहीत होतं, पण कळलं आत्ता. जान्यालाही ते कळलं असावं.

“दादा,” तो हळूच म्हणाला, “रविवारले माले सुट्टी ऱ्हास. तुमना बागले पानी भराले मी येत जासू.”

जुना हेमकांत असता तर लगेच हो म्हणाला असता, वर आणखी दोन कामं सांगितली असती. आता त्यानं जान्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“नको,” तो म्हणाला. “पानी मी भरसू. रविवारना तू घर ऱ्हाय, पोरनाजोडे बस. ती काय वाचस, ते ऐक.”